डिझाईनसाठी कॉम्प्युटर घेताय? आधी मॉनिटर ठरवा

डिझाईनचं काम करायचंय म्हटलं की बरेच जण आधी ग्राफिक्स कार्ड कोणतं घेऊ ते विचारतात, निम्मं बजेट तिथेच संपवतात आणि मग उरलेल्या पैशात मिळेल तो मॉनिटर उचलतात. माझं ऐकाल तर क्रम उलटा करा, कारण दिवसभर तुम्ही ज्याच्याकडे बघून रंग ठरवता तो मॉनिटरच खोटे रंग दाखवत असेल तर बाकी मशीन कितीही भारी असू दे, काम चुकणारच.

पॅनल (म्हणजे स्क्रीनचा प्रकार) आयपीएसच घ्या, टीएन या दुसऱ्या प्रकारच्या पॅनलवर मान जरा इकडेतिकडे झाली तरी रंग बदलतो. स्पेसिफिकेशनमधे एसआरजीबी (वेबसाठी ठरलेला रंगांचा संच) ९९-१००% आहे का बघा. लॅपटॉप घेताना तर हे फारच नीट बघा, कारण बऱ्याच स्वस्त मॉडेलमधे ४५% एनटीएससी (रंगांचं टीव्हीच्या काळातलं जुनं माप) असं लिहिलेलं असतं, म्हणजे एसआरजीबीच्या जेमतेम ६०-६५%, लाल रंग विटकरी दिसतो. ७२% एनटीएससी असेल तर ते साधारण पूर्ण एसआरजीबीच्या जवळ जातं. घ्यायच्या आधी एक टेस्ट कराच, पांढऱ्या पेजवर #F5F5F5 या अगदी फिकट ग्रे रंगाचा एक चौकोन काढून फुल स्क्रीन करा, चौकोनाची कड दिसलीच नाही तर तो स्क्रीन वेबसाईटच्या कामाचा नाही, कारण असे फिकट ग्रे आपण कार्ड आणि सेक्शनला सतत वापरतो. साईज म्हणाल तर २४ इंचाला फुल एचडी चालतं पण २७ इंचाला २५६० x १४४० हवंच, नाहीतर अक्षरं फाटल्यासारखी दिसतात.

मग रॅम. ए२ पोस्टर ३०० डीपीआयला (एका इंचात ३०० ठिपके) म्हणजे ४९६१ x ७०१६ पिक्सेल, ८ बिट आरजीबीत एक पूर्ण भरलेला लेयरच (चित्राचा एक थर) साधारण १०० एमबी, असे वीस लेयर झाले की २ जीबी तिथेच गेले, वर फोटोशॉपची हिस्टरी, बाजूला ब्राउझरचे पंचवीस टॅब आणि फिग्मा हे डिझाईनचं सॉफ्टवेअर. म्हणून १६ जीबीच्या खाली जाऊच नका, प्रिंटचं काम जास्त असेल तर सरळ ३२. डेस्कटॉपला एकाच मोठ्या स्टिकऐवजी दोन सारख्या घ्या म्हणजे ड्युअल चॅनल चालतं, दोन्ही एकदम वापरल्या जाऊन वेग वाढतो, आणि लॅपटॉपची रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली नाही ना ते आधीच विचारा, तशी असेल तर नंतर वाढवता येत नाही.

एसएसडी एनव्हीएमई (जास्त वेगवान प्रकार) घ्या, ती कायम थोडी मोकळी ठेवा कारण रॅम संपली की फोटोशॉप स्क्रॅच डिस्कवर, म्हणजे डिस्कवरच्या तात्पुरत्या जागेत लिहायला लागतं, जुन्या हार्ड डिस्कवर हे झालं की सगळं थांबतं. हार्ड डिस्क बॅकअपला वापरा, तिथे ती उत्तम आहे.

प्रोसेसरमधे खूप कोअर (एकाच वेळी वेगवेगळी कामं करणारे भाग) असण्यापेक्षा एकेका कोअरचा स्पीड चांगला असलेला बघा, फोटोशॉपमधली बरीच कामं मोजक्याच कोअरवर चालतात.

आणि ग्राफिक्स कार्ड? नुसतं लोगो, बॅनर, वेबसाईट असेल तर प्रोसेसरमधलं इनबिल्ट ग्राफिक्स पुरतं. थ्रीडी किंवा मोशन ग्राफिक्स करणार असाल तरच वेगळं कार्ड घ्या, तेव्हा व्हीरॅम (कार्डची स्वतःची मेमरी) निदान ८ जीबी हवी. आत्ता नक्की नसेल तर डेस्कटॉपला पॉवर सप्लाय थोडा जास्त वॅटचा घेऊन ठेवा, कार्ड नंतर बसवता येतं.