अर्टिगा की कॅरेन्स? टेस्ट ड्राइव्हच्या या चुका टाळा

सात माणसांसाठी मारुतीची अर्टिगा किंवा कियाची कॅरेन्स घ्यायची आणि टेस्ट ड्राइव्हला जायचं एकट्याने, शेजारी सेल्समन. पुढच्या सिग्नलवरून यू-टर्न, की निकाल तयार. रिकामी गाडी कुठलीही पळते हो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे चालवायची एक आणि बुक करायची दुसरी. डेमोला मिळते टर्बो कॅरेन्स (टर्बो म्हणजे हवा दाबून भरणारं, जास्त जोराचं इंजिन): ताकद १६० पीएस, टॉर्क म्हणजे ओढ २५३ एनएम, तीही १५०० आरपीएमपासूनच (इंजिनाचे मिनिटाला फेरे) हाताशी. बजेट असतं साध्या १.५ पेट्रोलचं: ११५ पीएस, १४४ एनएम, तेही ४५०० आरपीएमला. नाव तेच, इंजिन वेगळं. मग सात जण, एसी चालू, वरंधा घाटातलं चढाचं वळण. तिसऱ्या गिअरमध्ये गाडी गुदमरते, दुसरा टाकून इंजिन ओरडवत न्यावं लागतं. घाट उतरल्यावर मालक ‘पिकअपच नाही’ म्हणत सर्व्हिस सेंटरच्या दारात. तिथे कितीही तपासा, बिघाड सापडणार नाही, कारण तो नसतोच. अर्टिगाही त्याच बिनटर्बो जातीची, साधारण १०२-१०३ पीएस आणि १३७-१३९ एनएम. त्यामुळे तिची तुलना साध्या पेट्रोल कॅरेन्सशीच करा. अर्टिगा सीएनजी घेणार असाल तर सीएनजीवरच चालवा, ताकद ८८ पीएसवर येते. हवी ती डेमो गाडी नसेल तर आठवडाभर थांबा. मुहूर्ताची घाई झालेल्यांना हे पटत नाही, आणि घाटात तेच अडकतात.

दुसरी चूक तिसऱ्या रांगेची. दोन्ही गाड्यांची मधली रांग मागेपुढे सरकते. मधली दाखवताना ती मागे ढकललेली असते, शेवटची दाखवताना पुढे ओढलेली. दोन्हीकडे ऐसपैस! आधी ड्रायव्हरची सीट तुमच्या उंचीला लावा. तिच्या मागे घरातला उंच माणूस बसवा, गुडघ्यापुढे चार बोटं जागा ठेवून. आता काहीही न सरकवता त्याच्यामागे कोणालातरी वीस मिनिटं बसवा. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर, अर्टिगाचा २७४० आणि कॅरेन्सचा २७८० मिमी, कागदावर फरक ४ सेंटिमीटर. मांड्या अधांतरी राहतात का, हे बसल्यावरच कळतं. आजी आत चढताना हात देऊ नका, नुसतं बघा.

डिकी: तिन्ही रांगा उभ्या असताना अर्टिगाची २०९ आणि कॅरेन्सची २१६ लिटर. सात लिटरवर वाद घालू नका, घरच्या बॅगा नेऊन ठेवून बघा. सीएनजीत टाकी तिथेच येते.

टायरमधली हवा न मोजता ‘सस्पेन्शन कडक’ म्हणू नका. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर आकडा असतो, हवा मोजायचं गेज सोबत ठेवा.

एसी सावलीत तपासू नका. गाडी अर्धा तास उन्हात ठेवा, मग २४ अंशांवर लावून शेवटच्या रांगेत बसा.

पाच किलोमीटरनंतर स्क्रीनवर दिसणारं मायलेज सोडून द्या.

आणि दोन्ही गाड्या एकाच दिवशी, त्याच खड्ड्यांवरून, त्याच माणसांना घेऊन चालवा. शनिवारी एक आणि पुढच्या शनिवारी दुसरी चालवली, तर पहिलीच्या सीटचा रंग तेवढा आठवतो.