कुलाबा किल्ल्यावर चालत जायचंय? आधी तिथी बघा

रविवार आहे का, हे नंतर बघा. कुलाबा किल्ला समुद्रात आहे, ओहोटीला पाणी हटलं तरच अलिबागहून तिथे पायी जाता येतं, म्हणून आधी कॅलेंडरवरची तिथी बघायची. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, आणि तिथून सहा तासांवर ओहोटी. पंचमी असेल तर पावणेचारला भरती, म्हणजे सकाळी पावणेदहाच्या सुमारास ओहोटी. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. कोकणात हा हिशेब तोंडावर असतो, तरी निघण्याआधी छापील वेळापत्रकाशी ताडून घ्याच. चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा डोक्यावर येतो आणि आपण धरतो ४५, त्यामुळे पक्ष सरत येतो तसा फरक साठत जातो.

नुसती वेळ जुळून भागत नाही, पाणी किती हटणार हेही बघावं लागतं. आमची चूक इथेच झाली. अष्टमीला ओहोटी बरोबर दुपारी बाराला, म्हणून पोरांना घेऊन गेलो, तर मधल्या सखल भागात मांडीएवढं पाणी. तिथूनच परत फिरलो. अष्टमीला सूर्य आणि चंद्र पृथ्वीपासून काटकोनात असतात, एकाची ओढ दुसऱ्याची कमी करते; ही भांगाची भरती, फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. अमावास्या-पौर्णिमेला तिघं एका रेषेत येतात, दोन्ही ओढी मिळतात आणि उधाण येतं, म्हणजे पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतंही. सूर्य चंद्राच्या सुमारे २.७ कोटी पट जड, पण भरती आणणारा जोर अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतो. चंद्र ३,८४,४०० किलोमीटरवर, सूर्य १५ कोटींवर. म्हणून सूर्याचा जोर चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमीच भरतो.

खुद्द पौर्णिमेला ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी येते, अंधारात जाणं नको. उधाणाचा खरा जोर त्यानंतर एक-दोन दिवसांनी असतो. मला विचाराल तर तृतीया-चतुर्थी धरा: सकाळी आठ-नऊला ओहोटी, पाणी छान मागे. पावसाळ्यात मात्र हा बेतच करू नका.

पायात घट्ट बसणारे बूट हवेत, खडकांवरची कालवं तळवे चिरतात. मोबाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत, होडीचे पैसे वेगळ्या खिशात. ओहोटीच्या तासभर आधी वाळूत उतरा, म्हणजे १६८० साली शिवाजी महाराजांनी बांधायला घेतलेला हा तट, आतली गोड्या पाण्याची विहीर आणि गणपतीचं देऊळ निवांत बघता येईल.

आत शिरण्याआधी पाण्याच्या कडेचा एक कोरडा दगड हेरून ठेवा. भरतीचा पहिला तास फसवा असतो, पाणी हळूहळू चढतं; तिसऱ्या-चौथ्या तासात ते सगळ्यात वेगानं येतं. दगडाचा पाया भिजला की दर्शन राहिलं असलं तरी निघा.