हायवेवर मागे चिकटलेली गाडी सुखरूप पुढे कशी काढून द्यायची

गेली अकरा वर्षं मी दर आठवड्याला नाशिक-ठाणे-नाशिक करतोय, त्यामुळे आरशात नुसतं बोनेट दिसणारी गाडी, सारखा डिपर, मधेच लांबलचक हॉर्न, याची आता सवय झालीय. सल्ले देणारे पण भरपूर भेटले. माझा मेहुणा म्हणतो ब्रेकला जरा टच करायचा, मागचा आपोआप घाबरतो. ऑफिसातला एक जण म्हणतो साईड द्यायचीच नाही, बघू काय करतो ते. दोघांचंही ड्रायव्हिंग नाशिक शहरातच, गंगापूर रोडवर सुरू होऊन कॉलेज रोडला संपतं.

निघायच्या आधी टायरची हवा आणि मागचे ब्रेकलाईट बघा, बाजूचे आरसे असे लावा की आपल्या गाडीची कड जेमतेम दिसेल. बास.

उजव्या लेनमध्ये मुक्काम नको

थोडं कडू आहे पण अर्धी भांडणं आपणच ओढवून घेतो. पाथर्डी फाट्यावरून निघालं की लोक जे उजव्या लेनला लागतात ते थेट घोटीच्या टोललाच लेन बदलतात, आणि वर म्हणतात मी तर लिमिटमध्येच आहे, मी कशाला बाजूला होऊ. चार पदरी हायवेला कारचं लिमिट १०० आणि एक्सप्रेसवेला १२०, हे केंद्राने २०१८ मध्ये ठरवलेले आकडे, पाटीवर त्यापेक्षा कमी असेल तर पाटी खरी. पण लिमिट पाळलं म्हणून उजवी लेन आपल्या नावावर होत नाही हो. ती ओव्हरटेकला आहे, काम झालं की डावीकडे या. हां, आपल्याकडे ट्रकवालेच उजवीकडून रांगत असतात आणि डावीकडे उलट्या दिशेने बाईक येते, ते सगळं मान्य, तरी जिथे डावी बाजू मोकळी असेल तिथे या.

पुढचं अंतर वाढवा

मागे कोणी चिकटलं की माणूस नकळत ॲक्सिलेटर दाबतो आणि पुढच्याला चिकटतो. म्हणजे आता मधे तुम्ही आणि दोन्हीकडे जागा नाही. नेमकं उलटं करायचं. ९० च्या स्पीडला गाडी सेकंदाला २५ मीटर जाते, आणि मागचा पाच-सहा मीटरवर असेल तर त्याच्याकडे पाव सेकंदसुद्धा नाही, तुम्ही कचकन ब्रेक दाबला तर तो डिकीत घुसणारच, मग तो कितीही पट्टीचा ड्रायव्हर असू दे. त्याचं अंतर तुमच्या हातात नाही, पुढचं आहे. पुढची गाडी ज्या खांबापाशी गेली तिथून तीन सेकंद मोजा, तोवर आपण त्या खांबापाशी पोचायचं नाही, ९० ला ते ७५ मीटर होतात. मागे चिकटू असेल तर चार मोजा. एवढी जागा असली की तुम्हाला ब्रेक हळूहळू दाबता येतो आणि मागच्या येड्यालाही थांबायला वेळ मिळतो. कोणीतरी मधे घुसेल, घुसू द्या, परत अंतर सोडा.

मेहुण्याचा ब्रेक टच म्हणजे याच पाव सेकंदाशी जुगार, आणि पणाला लावलेली डिकी आपली.

डावीकडे येणं, इथेच खरी गोम आहे

मला वाटायचं साईड देण्यात काय शिकायचंय. जुलै महिना, वाडीवऱ्हेच्या पुढे, बारीक पाऊस, डावीकडे ट्रकची रांग आणि मी उजवीकडून ती पार करतोय. मागे पांढरी एसयूव्ही, डिपरवर डिपर. मला इतकी घाई झाली त्याला वाट द्यायची की दोन ट्रकच्या मधे जरा जागा दिसल्याबरोबर इंडिकेटर आणि स्टिअरिंग एकदमच फिरवलं. आणि त्याच सेकंदाला तोही वैतागून डावीकडूनच मारायला निघाला होता. माझा डावा आरसा गेला, मागच्या दाराला हातभर चर पडली, मी परत उजवीकडे खेचली तर गाडी ओल्या रस्त्यावर अशी हलली की बायकोने पुढचे तीन महिने माझ्यासोबत बसायला नकार दिला. तो थांबलाही नाही. डावीकडून मारणं ही त्याची चूक, पण घाईत कापणारा मीच होतो आणि आरशाचे पैसेही मीच भरले.

तेव्हापासून माझा नियम असा. ट्रकची रांग पार करत असाल तर आधी ती पूर्ण पार करा, आहे त्याच स्पीडला. मधल्या फटीत अजिबात घुसायचं नाही, कारण मग पुढे ट्रकचं बूड, मागे ट्रकचं तोंड आणि बाजूला तो. चार ट्रक असतील, ते ६० ने आणि तुम्ही ९० ने, तर सगळा खेळ फार तर वीस-पंचवीस सेकंदांचा आहे. तेवढा त्याला डिपर मारू द्या, डिपरने पत्रा फाटत नाही. रात्र असेल तर मधल्या आरशाखालची दांडी ओढा म्हणजे उजेड डोळ्यात येत नाही.

शेवटचा ट्रक आतल्या आरशात अख्खा दिसायला लागला की इंडिकेटर द्या, आणि थांबा. चार-पाच वेळा लुकलुकू दे. याच वेळात मागचा ठरवतो की हा हटतोय की मी डावीकडून जाऊ, आणि त्याचं ठरलेलं दिसायला हवं. डावा आरसा बघा, मान वळवून खांद्यावरून एकदा बघा, परत आरसा. तो डावीकडे झुकलेला दिसला तर इंडिकेटर बंद, लेन धरून सरळ चला, जाऊ द्या त्याला चुकीच्या बाजूने, तिथे धडा शिकवायचा नाही. तो उजवीकडेच असेल तर हळूच तिरपं सरका. आणि सरकताना ब्रेक नको! ॲक्सिलेटरसुद्धा पूर्ण डावीकडे आल्यावरच सोडायचा. नवीन लोक नेमके इथेच चुकतात, आधी स्लो होतात मग वळतात, आणि मागचा तर तेव्हा अंगावरच असतो.

तो जाताना काच खाली करून काहीतरी बोलेल. समोर बघा.

कसारा घाट

उतरताना खालचा गिअर टाकता ते बरोबरच, पण इंजिनने गाडी स्लो होते तेव्हा ब्रेकलाईट लागत नाही, मागच्याला काही कळतच नाही. म्हणून गिअर उतरवायच्या आधी पेडलवर पाय नुसता टेकवा, लाईट लागेल इतपतच. मेहुण्याच्या टचमध्ये आणि यात फरक आहे, यात स्पीड तुटत नाही. पावसात धुकं असलं की लोक चारही इंडिकेटर लावून घाट उतरतात, ते बंद करा आधी, तुम्ही लेन बदलताय का ते मागच्याला कसं कळणार?

समृद्धीला इगतपुरीला चढून आमण्याला उतरत असाल तर हेच सगळं, फक्त अंतर अजून जास्त. १२० ला तीन सेकंद म्हणजे १०० मीटर. आणि तिथे आरशातला ठिपका तुम्ही खोकून होईपर्यंत मागे आलेला असतो, त्यामुळे आरसा जास्त वेळा बघायचा.

पुढे जाऊन अडवायला लागला तर

असे पण असतात, साईड दिली तरी समोर येऊन मुद्दाम स्लो होतात. ओव्हरटेक करू नका, अंतर सोडत रहा, बहुतेकांना चार-पाच मिनिटांत कंटाळा येतो. तरी सोडत नसेल तर रस्त्याच्या कडेला थांबायचं नाही, उतरायचं तर बिलकुल नाही. दारं लॉक, सरळ टोलनाका नाहीतर गर्दीचा पेट्रोल पंप गाठायचा आणि ११२ लावायचा. नंबर आणि व्हिडिओ शेजारी बसलेल्याने घ्यायचा, एकटे असाल तर नंबर मोठ्याने दोनदा म्हणा, पंपावर पोचेपर्यंत लक्षात राहतो. मी डॅशकॅम घेताना पुढचा-मागचा दोन्ही घेतला, कारण मागे चिकटणाऱ्याचा पुरावा मागच्या काचेतच असतो.