घरातल्या कागदांच्या पिशवीतून तीन पिढ्या कशा वाचायच्या

2023 ला मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधायची जी धांदल सुरू झाली तिच्यात आमचे काका पण तालुक्याला खेपा घालून दमले. 1967 च्या आधीची नोंद पाहिजे म्हणून गावच्या शाळेतनं जुन्या जनरल रजिस्टरचे उतारे काढले, कुणबी काय निघालं नाही, पण त्या उताऱ्यात एक रकाना असतो, शाळा सोडण्याचे कारण. काकांच्या पुढं लिहिलंय "पुढील शिक्षणासाठी". आत्याच्या पुढं "सतत गैरहजर". एकच घर, एकच जात, एकाच चुलीवरची भाकरी.

आत्याला विचारलं तर म्हणाली, "गैरहजर कुठली, रोज तर जायची. तुझ्या धाकट्या काकाला कडेवर घेऊन पायरीवर बसायची, पोर रडतंय म्हणून मास्तर आत घ्यायचे नाहीत."

तेव्हापासून मला हा नाद लागलाय, आणि तुम्हीही करून बघा म्हणून लिहितेय. बाई असणं, जात आणि पैसा माणसाला कुठं नेऊन ठेवतात हे पुस्तकात वाचून डोक्यावरनं जातं, घरच्या कागदात लगेच दिसतं.

आधी पिशवी काढा. प्रत्येक घरात असते, कपाटात साड्यांच्या खाली, दुकानाचं नाव छापलेली. शाळा सोडल्याचे दाखले, 7/12, रेशनकार्ड, जातीचा दाखला, सोनं गहाण ठेवल्याच्या पावत्या, सगळं चालतं. जुन्या माणसांची जन्मतारीख 1 जून दिसली तर दचकू नका, शाळेत नाव घालताना मास्तर अंदाजानं टाकायचे. आणि आजीचा एकपण कागद सापडला नाही, तर तीच नोंद समजा आणि तशी लिहून ठेवा.

मग मोठा कागद घ्या, एका माणसाला एक ओळ. रकाने साधे ठेवा: शाळा कितवीपर्यंत आणि का सुटली, पहिली कमाई काय आणि ती कुणाच्या हातात गेली, लग्न कितव्या वर्षी, नावावर काय आहे. "जात" असा वेगळा रकाना मी मुद्दाम ठेवला नाही, ती बाकीच्या रकान्यांतनं आपोआप बाहेर येते.

7/12 ला मात्र वेळ द्या. महाभूलेख या सरकारी साईटवर साधा उतारा फुकट दिसतो, डिजिटल सहीचा 15 रुपयाला मिळतो. त्यात नावांजवळ गोलात आकडे असतात ते फेरफार नंबर (फेरफार म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची नोंद), खरी गोष्ट तिथं असते, म्हणून जुने फेरफार तलाठ्याकडनं (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं म्हणे) नाहीतर तहसीलच्या अभिलेख कक्षातनं काढा. आमच्या फेरफारात आजोबा कूळ (दुसऱ्याची जमीन खंडानं कसणारा) म्हणून लागलेले आहेत, कूळकायद्यात 1 एप्रिल 1957 ला कसणाराच जमिनीचा मालक धरला गेला तेव्हाचे. आता आजी पण त्याच रानात राबत होती, भांगलण, पेरणी, रात्रीचं पाणी धरणं, पण कूळ म्हणून नाव एकट्या आजोबांचं. आणि ज्या मजूर बायका आजीच्या शेजारी पातीला असायच्या त्या कूळच नव्हत्या, मजुरीवर होत्या, मग त्यांच्या घराला काहीच नाही. बघा, एका कायद्यात तीन माणसं तीन ठिकाणी.

पुढचा फेरफार 1998 चा, आजोबा गेल्यावरचा, आत्याचं हक्कसोड, म्हणजे जमिनीतला आपला वाटा सोडल्याचा कागद. मुलगी वारस म्हणून 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानंच होती, म्हणून तर सही घ्यावी लागली. बदल्यात साडीचोळी आणि दर दिवाळीचं माहेरपण. ती राजीखुशीनं केली असंच सांगते, आणि मी पण जास्त खोदलं नाही कारण भावांशी वाकडं घेऊन बाईनं जायचं कुठं हा प्रश्न कायद्यात सुटत नाही. हा कागद दिवाळीच्या पंगतीत काढू नका एवढं माझं ऐका. मी काढला होता.

आता तुलना. एका वेळी एकच गोष्ट बदला. बहीण-भाऊ घ्या, जात-पैसा सारखा, फरक बाई-पुरुषाचा. मग त्याच वयाची, त्याच गावची, दुसऱ्या वस्तीतली बाई घ्या. त्यासाठी माझ्या मैत्रिणीनं तिच्या घरची पिशवी आणली. त्यांची जमीन जुनी महार वतनाची (गावकामाच्या बदल्यात मिळालेली), हाडवळा म्हणतात, 1958 च्या कायद्यानं वतनं गेली पण उताऱ्यावर अजून भोगवटादार वर्ग 2, म्हणजे विकायची तर कलेक्टरची परवानगी. आमचा वर्ग 1, तिथं ती अट नाही. आणि त्यांच्या घरी जातीचा दाखला लॅमिनेट केलेला, वर चार झेरॉक्स. आमच्याकडं जात कुठल्या कागदावर काय लिहिलीय हे 2023 पर्यंत कुणी बघितलंच नव्हतं, लागलीच नाही कधी.

तिची आई आणि माझी आत्या एका वर्गात होत्या, दोघी चौथीत सुटल्या. तक्त्यात दोन ओळी अगदी सारख्या दिसत होत्या. मग मैत्रिणीची आई सहज बोलून गेली की आमच्या विहिरीवर त्यांना चढता यायचं नाही, कडेला घागर ठेवून थांबायचं आणि कुणीतरी वरनं ओतायचं. "कोण ओतायचं?" तर म्हणाली, "तुझी आत्याच की." ज्या पोरीला मास्तरांनी पायरीवर बसवलं तीच घरी येऊन दुसरीला कडेला थांबवत होती, दहा वर्षांची असेल. माझ्या तक्त्यात याला रकानाच नव्हता, आता एक वाढवलाय, "कुणाला थांबवलं".

म्हणून नुसत्या कागदावर थांबू नका, विचारा. पण "तुमच्यावर अन्याय झाला का" असं विचारलं की सगळ्या "नाही गं" म्हणतात. पाणी कुठनं आणायचा, चप्पल पहिल्यांदा कधी घातली, जेवायला शेवटी कोण बसायचं, असलं विचारा, आणि मेथी निवडताना विचारा, मोबाईल समोर ठेवून नाही. पुरुष माणसं घरात असताना तर नकोच, तेच उत्तरं देतात.

पैशाचा भाग मला सगळ्यात अवघड गेला कारण तो लपवतात. तिथं गहाणाच्या पावत्या कामाला येतात. आमच्याकडं आईच्या पाटल्या दोनदा गेल्या, एकदा दादाच्या डिप्लोमाला आणि एकदा माझ्या लग्नाला. दादाच्या वेळच्या सुटल्या, त्याच्या पगारातनं. माझ्या वेळच्या अजून पतपेढीतच आहेत.