कार्बनची विचारणा येण्याआधी: कुपवाडच्या फाउंड्रीने काय जमवून ठेवावं

सांगलीजवळच्या कुपवाड आणि मिरज एमआयडीसीतून मोठ्या कंपन्यांना माल देणाऱ्या फाउंड्र्यांकडे (धातू वितळवून, साच्यात ओतून भाग म्हणजे कास्टिंग बनवणारे कारखाने) हल्ली दर आणि डिलिव्हरीसोबत आणखी एक विचारणा येते: तुमच्या एक किलो कास्टिंगमागे कार्बन किती, म्हणजे किती कार्बन डायऑक्साइड हवेत गेला? सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना बीआरएसआर (व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा) अहवाल सक्तीचा केला. त्यातल्या सर्वांत मोठ्या कंपन्या आता आपल्या पुरवठादारांचेही आकडे गोळा करताहेत. माल युरोपला जात असेल तर सीबीएएम, म्हणजे आयात मालातल्या कार्बनवर युरोपीय संघ लावत असलेला आकार, आहेच. त्याचा मुख्य टप्पा १ जानेवारी २०२६ ला सुरू झाला. तुमच्या मालाचा एचएस कोड (आयात-निर्यातीतला मालाचा वर्गीकरण क्रमांक) त्याच्या यादीत आहे का, हे शिपिंग बिल हातात घेऊन पडताळा.

माझं स्पष्ट मत आहे की सॉफ्टवेअर आणि सल्लागार नंतर. आधी मेल्टिंगचं रजिस्टर नीट करा. जीवनचक्र मूल्यांकनाची (वस्तूचा कच्च्या मालापासूनचा पर्यावरणावरचा बोजा मोजण्याची) आयएसओ १४०४० आणि १४०४४ ही मानकं मोठी वाटतात, पण त्यातला निम्म्याहून जास्त घाम आकडे जमवण्यातच गळतो आणि ते आकडे तुमच्याच शॉपमध्ये पडलेले असतात.

सुरुवातीला सगळा कारखाना मोजायला घेऊ नका. जास्त खपाचा एक पार्ट निवडा आणि एप्रिल ते मार्च असं एक पूर्ण वर्ष ठरवा. हिशोब कशाला धरून करायचा तेही आत्ताच लिहून ठेवा: एक किलो चांगलं, फेटलिंग (जादा धातू काढून साफसफाई) झालेलं, डिस्पॅचला गेलेलं कास्टिंग. हद्द खाणीपासून आपल्या गेटपर्यंत. मशीनिंग बाहेर जॉबवर्कला जात असेल तर ते धरलं की नाही, याची एक ओळ हवीच.

मग महावितरणची बारा बिलं. एचटी (उच्चदाब) बिलात केव्हीएएच आणि केडब्ल्यूएच दोन्ही असतात. कार्बनला केडब्ल्यूएच, म्हणजे प्रत्यक्ष वापरलेले युनिट, घ्या. फर्नेसला (भट्टीला) स्वतंत्र मीटर नसेल तर आजच बसवा, कारण त्याशिवाय कॉम्प्रेसर, शॉटब्लास्ट आणि ऑफिसचा एसी सगळं एकाच ढिगात जातं. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३-२४ च्या आकड्यानुसार ग्रिडच्या एका युनिटमागे ०.७२७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो. छतावरच्या सोलरचे युनिट वेगळ्या रकान्यात लिहा. ढालगाव किंवा जतकडे तुमची पवनचक्की असेल आणि तिची वीज कराराने महावितरणला विकली जात असेल, तर ती वीज तुमच्या कास्टिंगच्या खात्यात हिरवी म्हणून दाखवता येत नाही. हे मालकांना पटवायला वेळ लागतो, पण पडताळणी करणारा हेच आधी विचारतो.

आता ज्यावर सगळा आकडा उभा आहे ते यील्ड, म्हणजे वितळवलेल्या धातूतून चांगला माल किती टक्के निघाला. समजा एक टन धातू वितळवायला ६०० युनिट लागतात. रनर, रायझर (साच्यात धातू भरण्याच्या वाटांत गोठलेला धातू) आणि रिजेक्शन वजा जाता ६० टक्केच चांगला माल निघत असेल, तर एक टन कास्टिंगमागे १००० युनिट, म्हणजे ७२७ किलो कार्बन. यील्ड ६५ टक्क्यांवर नेलं की तेच सुमारे ६७० वर येतं, एक रुपयाचं यंत्र न घेता. म्हणून प्रत्येक हीटचं (भट्टीतल्या एका खेपेचं) चार्ज वजन, म्हणजे भट्टीत टाकलेल्या मालाचं वजन, ओतलेलं वजन, चांगल्या मालाचं वजन आणि मशीनिंगनंतर ग्राहकाकडून परत आलेलं रिजेक्शन, हे चारही आकडे एका ओळीत लिहिण्याची सवय लावा. रात्रपाळीच्या मेल्टरला हे कशासाठी ते समजावून सांगा. त्याने अंदाजाने भरलेला रकाना पुढे कुठलाच तज्ज्ञ दुरुस्त करू शकत नाही.

चार्जमध्ये पिग आयर्न (कच्चं लोखंड) किती आणि भंगार किती, हे खरेदीच्या बिलांवरून आणि वजनकाट्याच्या पावत्यांवरून काढा. होस्पेट-कोप्पळकडून येणारं पिग आयर्न ब्लास्ट फर्नेसमधलं, त्यामुळे त्याच्या टनामागे दोन टनांच्या आसपास कार्बन आधीच खर्ची पडलेला असतो. बाजारातल्या भंगारावर मात्र बहुतेक पद्धतींत गोळा करण्याचा आणि वाहतुकीचाच बोजा येतो. घरचेच रनर-रायझर पुन्हा चार्जमध्ये पडतात, त्यांचा कच्चा माल म्हणून बोजा दुसऱ्यांदा धरू नका. पण ते पुन्हा वितळवायची वीज मात्र पूर्ण मोजा. याच ठिकाणी अनेकांचे आकडे दुप्पट किंवा निम्मे होतात.

डिझेल जनरेटरची लॉगबुकं (लिटरला साधारण २.७ किलो), लेडल (वितळलेला धातू न्यायचं भांडं) तापवायचा गॅस आणि सीओटू कोअर (कार्बन डायऑक्साइड वायूने घट्ट केलेले वाळूचे गाभे) करत असाल तर सिलिंडरची खरेदी, हे पटकन उरकण्यासारखं आहे. साच्याच्या वाळूला थोडा वेळ द्या. नवी किती आली, रिक्लेम होऊन पुन्हा वापरात किती आली आणि टाकाऊ वाळू कुठे गेली? शेवटच्या प्रश्नाचा कागद बहुतेक ठिकाणी नसतो. एमपीसीबीला (महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला) दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत जाणारं पर्यावरण विवरण, घातक कचऱ्याचं ३० जूनपर्यंतचं वार्षिक विवरण आणि एमआयडीसीचं पाणीबिल जवळ घेऊन बसा. या कागदांवरचं उत्पादन आणि तुमच्या जीएसटी बिलांवरचं टनेज जुळलंच पाहिजे. न जुळल्यास ग्राहकाला काही पाठवण्याआधी कारण शोधा.

एचआरलाही बसवून घ्या. बीआरएसआर कोअरमध्ये (त्या अहवालाच्या गाभ्याच्या भागात) अपघात, कामगारांच्या सुविधा आणि महिलांना दिलेलं वेतन हेही आहे, त्यामुळे कंत्राटी फेटलरांचा पीएफ आणि अपघात नोंदवही लागणार.

शेवटी एक पान करा. त्यात प्रत्येक आकड्यापुढे तो कुठल्या कागदावरून घेतला, कोणी काढला, कुठे अंदाज धरला आणि कुठल्या वर्षाचा गुणांक (एका युनिटमागे किंवा लिटरमागे किती कार्बन) लावला, हे लिहा. खाली प्लांट हेडची सही आणि तारीख घ्या. पुढच्या वर्षी गुणांक बदलेल, तेव्हा जुनं पान तसंच ठेवून नवं पान जोडा.