आयरिश सोडा ब्रेड: १७ मार्चच्या स्टॉलसाठी

नाशिकमध्ये सोसायटीच्या वार्षिक मेळ्यात सेंट पॅट्रिक डे या आयरिश सणाचा स्टॉल लावायचा असेल, तर सोडा ब्रेड करा. यीस्ट नाही, पीठ फुगायची वाट नाही.

एका ब्रेडला २५० ग्रॅम मैदा, २०० ग्रॅम गव्हाचं पीठ, एक-एक छोटा चमचा खायचा सोडा आणि मीठ. सोडा चाळूनच घ्या, गुठळी राहिली की तिथे पिवळा, कडवट डाग पडतो. ताक आंबट हवं, कारण सोडा त्याच्याच आंबटपणावर फुलतो. पण प्यायचं पातळ ताक नको: २५० ग्रॅम आंबट दह्यात १०० मिली पाणी घुसळा. आपलं पोळीचं पीठ पाणी जास्त पितं, लागलं तर दोन चमचे वाढवा.

कणकेसारखं मळू नका, ब्रेड दगड होतो. चिकट पीठ जेमतेम गोळा करून वर खोल फुली कापा, म्हणजे मधलाही भाग भाजतो. गरम ओव्हनमध्ये लगेच ठेवा: २२० अंशांवर १५ मिनिटं, मग २०० वर २५ ते ३०. तळाशी टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला पाहिजे.

त्याच सकाळी भाजा, दुसऱ्या दिवशी कोरडा पडतो. मार्चच्या उन्हात लोणी बर्फावरच ठेवा.

सजावटीत शॅमरॉक (आयर्लंडचं चिन्ह असलेलं हिरवं पान) तीन पानांचा, बेलासारखा. चार पानी हमखास चुकून छापला जातो.