न्यू जर्सीच्या पब्लिक हायस्कुलात नववी-दहावीचे मूल घालताना

ठाण्या-पुण्याहून न्यू जर्सीला येणाऱ्या घरात मूल दुसरी-तिसरीत असेल तर फार विचार करावा लागत नाही. ते नववी-दहावीत असेल तर मात्र पहिल्या दोन महिन्यांतले निर्णय थेट कॉलेजच्या अर्जापर्यंत पोचतात. इथे बारावीच्या शेवटी बोर्डाची परीक्षा नसते. कॉलेजचे अर्ज बारावीच्या नोव्हेंबर ते जानेवारीत जातात, तेव्हा कॉलेजांसमोर असतात ते नववी, दहावी आणि अकरावीचे गुण. ‘नववी कशीबशी काढू, पुढे जोर लावू’ हा आपला हिशेब इथे चालत नाही. खालचे नियम न्यू जर्सीचे आहेत. दुसऱ्या राज्यात आकडे बदलतात, आणि राज्यातही प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्ट (त्या भागातल्या पब्लिक शाळा चालवणारी यंत्रणा) आपली भर घालते.

पत्ता आणि कागद

पब्लिक शाळेला फी नाही. प्रवेश पत्त्यावर मिळतो. एकाच गावात दोन हायस्कुले असतील तर कोणती मिळणार हे रस्ता ठरवतो. एडिसनमध्ये एडिसन हाय आणि जे. पी. स्टीव्हन्स, वेस्ट विंडसर-प्लेन्सबरोमध्ये नॉर्थ आणि साउथ अशी विभागणी आहे. घर दाखवणारा एजंट ‘याच शाळेत जाईल’ म्हणाला म्हणून विश्वास ठेवू नका. भाडेकरार सही करण्याआधी तो पत्ता डिस्ट्रिक्टच्या कार्यालयाला कळवून शाळा विचारून घ्या. करारावर आईवडिलांचे नाव हवे. नातेवाइकांकडे तात्पुरते राहत असाल तर प्रतिज्ञापत्राचा वेगळा फॉर्म असतो, तो दोन्ही कुटुंबांना भरावा लागतो आणि त्यात आठवडा सहज जातो.

लागणारे कागद साधारण असे: पासपोर्ट किंवा जन्मदाखला, भाडेकरार, वीज किंवा गॅसचे बिल, लसीकरणाची नोंद, डॉक्टरची तपासणी आणि मागच्या शाळेच्या गुणपत्रिका. सोशल सिक्युरिटी नंबर किंवा व्हिसाचा प्रकार प्रवेशाची अट म्हणून मागता येत नाही. इमिग्रेशनच्या दर्जावरून मुलाला पब्लिक शाळा नाकारता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९८२ मध्येच ठरवले आहे.

नावाचा घोळ मराठी घरांत हमखास होतो. पासपोर्टवर मुलाच्या नावाला जोडून वडिलांचे नाव छापलेले असेल, तर शाळेच्या यादीत ‘अथर्व संजय’ हे सगळेच पहिले नाव होऊन बसते. नोंदणीच्या दिवशीच मधले नाव वेगळे लिहायला सांगा. ते पासपोर्टप्रमाणेच ठेवतो म्हणाले तर हाक मारण्याच्या नावाच्या रकान्यात ‘अथर्व’ भरा. पुढे सॅट (कॉलेजप्रवेशासाठीची परीक्षा) आणि कॉलेजच्या अर्जातही हेच नाव जुळावे लागते.

लसी: इथेच सगळ्यात जास्त अडते

भारतातून निघण्याआधी डॉक्टरकडून टाइप केलेले, सही-शिक्क्याचे लसीकरण पत्र घ्या आणि तारखांत महिना अक्षरात लिहायला सांगा. आपल्या कार्डावरचे ०३/०७ म्हणजे ३ जुलै, पण शाळेची नर्स ते ७ मार्च वाचते. मग दोन डोसांतले अंतर कमी भरले म्हणून डोस बाद होतो.

हायस्कूलच्या वयाला टीडॅप (धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकल्याची लस), पोलिओ, गोवर-गालगुंड-रुबेला, हेपटायटिस बी, कांजिण्या आणि मेनिंगोकॉकल एवढ्यांची नोंद बघतात. मेनिंगोकॉकल भारतात सहसा दिलेली नसते. सरकारी केंद्रात ‘एमआर’ घेतली असेल तर तिच्यात गालगुंड नसते, एमएमआरचा डोस वेगळा लागतो. परदेशातून येणाऱ्याला नोंदी आणून देण्यासाठी ३० दिवसांची सवलत असते. त्यानंतर मुलाला घरी बसवतात.

क्षयाची चाचणीही मागतात, कारण भारत जास्त प्रादुर्भावाच्या देशांत येतो. लहानपणी बीसीजी टोचलेली असल्याने त्वचेवरची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, मग छातीचा एक्स-रे आणि फेऱ्या. डॉक्टरला सुरुवातीलाच रक्ताची चाचणी लिहून द्यायला सांगा. तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही.

नोंदणीच्या वेळी घरात कोणती भाषा बोलता हे विचारतात. ‘मराठी’ लिहिले की मुलाची इंग्रजीची छोटी चाचणी होते. ती टळावी म्हणून ‘इंग्रजी’ लिहू नका. इंग्रजी माध्यमातले मूल बहुतेकदा त्याच दिवशी सुटते, आणि मराठी माध्यमातल्या मुलाला जी मदत मिळायला हवी ती या चाचणीशिवाय मिळत नाही.

इयत्ता आणि क्रेडिट्स

पदवी म्हणजे हायस्कूल डिप्लोमा. त्यासाठी किमान १२० क्रेडिट्स लागतात आणि वर्षभराच्या एका विषयाला साधारण ५ मिळतात. त्यांची वाटणी अशी: इंग्रजी २०, गणित १५, विज्ञान १५, समाजशास्त्र १५, आरोग्य व व्यायाम दर वर्षी ३.७५, दृश्य किंवा सादरीकरणाच्या कला ५, जागतिक भाषा ५, करिअरविषयक ५, अर्थसाक्षरता २.५. उरलेले ऐच्छिक. शिवाय अकरावीत इंग्रजी आणि गणिताची राज्याची पात्रता चाचणी असते.

म्हणून आठवी, नववी आणि दहावीच्या विषयवार गुणपत्रिका शाळेच्या शिक्क्यासह, इंग्रजीत, दोन-दोन प्रतींत आणा. नुसते दहावीचे बोर्डाचे प्रमाणपत्र पुरत नाही, कारण त्यातून नववीचे क्रेडिट दिसत नाही. नववीचा कागद नसेल तर अकरावीत बसलेल्या मुलाला इंग्रजीचे दोन-दोन वर्ग एकाच वर्षी करावे लागतात. गुणपत्रिकेसोबत शाळेची श्रेणी-पद्धतही मागून घ्या. इथे ६५ म्हणजे जेमतेम, आणि ३५ ला पास म्हणतात हे समुपदेशकाला माहीत असेलच असे नाही. बऱ्याच शाळा परदेशातले गुण सरासरीत धरत नाहीत, फक्त ‘पास’ म्हणून क्रेडिट देतात. ते वाईटच असते असे नाही.

मार्चमध्ये दहावी झालेले मूल सप्टेंबरला अकरावीत बसते, पण कधीकधी दहावीत घालण्याचा पर्यायही देतात. वय बसत असेल आणि इंग्रजी लेखन कच्चे असेल तर तो जरूर घ्यावा. अकरावीत थेट उतरलेल्या मुलाला नीट ओळखून शिफारस करणारा एकही शिक्षक नसताना वर्षभरात कॉलेजचे अर्ज भरावे लागतात.

गणितात जागा चुकणे सर्वांत महागात पडते. इथला क्रम अल्जेब्रा १, जॉमेट्री, अल्जेब्रा २, प्रीकॅल्क्युलस, कॅल्क्युलस असा एकामागून एक असतो. आपल्याकडे बीजगणित आणि भूमिती दर वर्षी जोडीने चालतात, त्यामुळे दहावी झालेल्या मुलाच्या कागदावर ‘मॅथेमॅटिक्स’ एवढेच दिसते आणि ते जॉमेट्रीत जाऊन बसते. अभ्यासक्रमाची अनुक्रमणिका छापून न्या आणि प्लेसमेंट टेस्ट मागा. ती देण्याआधी फंक्शनची मांडणी, लॉगॅरिदम आणि आलेखाचे कॅल्क्युलेटर एवढे डोळ्यांखालून घाला. मुले अडतात ती इथेच, वर्गसमीकरणात नाही.

भाषेच्या ५ क्रेडिट्ससाठी प्रावीण्य चाचणीचाही मार्ग आहे. एव्हान्ट या कंपनीच्या ‘स्टॅम्प’ भाषाचाचण्यांत मराठीही आहे आणि राज्याचे द्विभाषिक प्रावीण्याचे मानचिन्ह त्यातून मिळू शकते. डिस्ट्रिक्ट ती चाचणी घेते का हे आधी विचारा. तरीही चांगल्या कॉलेजांना शाळेत दोन-तीन वर्षे शिकलेली भाषा बघायला आवडते, म्हणून चाचणी झाली तरी स्पॅनिश किंवा फ्रेंच लगेच सोडू नका.

गुण रोज जमतात

वर्ष १८० दिवसांचे, चार मार्किंग पीरियडचे. गुण शाळेच्या ऑनलाइन पोर्टलवर दिसतात, अनेक ठिकाणी जेनेसिस नावाच्या. चाचण्या, क्विझ, गृहपाठ, प्रकल्प या प्रत्येकाचे वजन वर्गाच्या पहिल्या पानावर दिलेले असते. ते पान वाचल्याशिवाय मुलाला अभ्यासाचे वेळापत्रक लावून देऊ नका.

हुशार मुले इथे न दिलेल्या कामाने घसरतात. सारख्या वजनाची दहा कामे आहेत, नऊमध्ये ९० मिळाले आणि एक दिलेच नाही, तर सरासरी ८१ होते. ए-मायनसच्या आसपासचे मूल बी-मायनसवर येते. तेच काम अर्धेमुर्धे देऊन ५० मिळाले असते तर सरासरी ८६ राहिली असती. उशिरा दिलेल्या कामाला किती दिवस मुभा आहे हे शिक्षकागणिक वेगळे असते. विचारायचे ते मुलाने स्वतः, ईमेलने, ‘मिस्टर’ किंवा ‘मिस’ लावून आडनावाने. नववीच्या मुलाच्या वतीने वडिलांनी लिहिलेले पत्र शिक्षकांना खटकते. पालकांनी मध्ये पडायचे ते मुलाच्या दोन ईमेलनंतर.

गृहपाठ मित्राला ‘बघायला’ देणे हा इथे दोघांचाही गुन्हा धरतात. आपल्याकडे वही देणे ही मैत्री असते, त्यामुळे हे पहिल्याच आठवड्यात स्पष्ट सांगून ठेवा. एआयने लिहिलेला निबंधही त्याच खात्यात.

पुढच्या वर्षाचे विषय जानेवारी-फेब्रुवारीत निवडतात. ऑनर्स (वरच्या पातळीचे) आणि एपी (कॉलेजच्या पातळीचे, शेवटी वेगळी परीक्षा असलेले) वर्गांना सरासरीत जादा वजन मिळते, बऱ्याच ठिकाणी ४ अंकांच्या मोजणीत अनुक्रमे अर्धा आणि एक अंक. म्हणून पाच एपी घेण्याचा मोह होतो. शेजारच्याने सहा घेतले म्हणून तर नक्कीच होतो. नवीन आलेल्या मुलाला पहिल्या वर्षी एक, फार तर दोन पुरेत, आणि त्यांत इतिहासाचा नको. त्यात दर आठवड्याला बरीच पाने वाचून वेळ लावून निबंध लिहायचे असतात, ती सवय एका वर्षात होत नाही. विषय सोडायची मुदत सुरुवातीच्या काही आठवड्यांत संपते. नंतर सोडला तर प्रगतिपत्रकावर ‘डब्ल्यू’ (विषय सोडल्याची खूण) राहतो. एपीची परीक्षा मे महिन्यात असली तरी नाव नोव्हेंबरच्या मध्याआधी द्यावे लागते. एका परीक्षेला सुमारे १०० डॉलर पडतात.

हजेरी, औषधे आणि भारतवारी

शाळा बहुधा साडेसातच्या सुमारास भरते. दोन तासांमध्ये चार-पाच मिनिटे मिळतात, तेवढ्यात इमारतीच्या दुसऱ्या टोकाला जायचे असते. घर शाळेपासून अडीच मैलांपेक्षा दूर असेल तर बस मोफत आहे.

१० टक्के दिवस, म्हणजे १८, बुडाले की मूल ‘सतत गैरहजर’ धरले जाते, आजारपणाचे दिवसही त्यात मोजतात. नाताळची सुट्टी साधारण दहा दिवसांची. तिला जोडून चार आठवडे भारतात गेलात तर शाळेचे दहा-बारा दिवस जातात, वर जानेवारीतल्या सहामाही परीक्षा हुकतात. घरचे लग्न हे मान्य कारण नसते. दिवाळी मात्र राज्याच्या धार्मिक सुट्ट्यांच्या यादीत आहे. पालकांची चिठ्ठी दिली तर त्या दिवसाची परीक्षा पुन्हा द्यायला मिळते.

दप्तरात क्रोसिन ठेवू नका. साधी डोकेदुखीची गोळीही डॉक्टरच्या लेखी सूचनेने नर्सच्या खोलीतच घ्यायची असते. दम्याचा पंप जवळ ठेवायचा तरी दर वर्षी नवा फॉर्म लागतो.

वर्गाबाहेर

खेळांचे तीन हंगाम असतात आणि पहिल्याची निवड ऑगस्टमध्ये, शाळा सुरू होण्याआधीच होते. त्यासाठी ३६५ दिवसांच्या आतली डॉक्टरची तपासणी लागते आणि तिचा छापील फॉर्म वेगळा असतो. कधीच न खेळलेल्या मुलाला क्रॉस कंट्री किंवा ट्रॅक सुचवा. तिथे बहुधा कोणाला वगळत नाहीत आणि पहिल्याच महिन्यात वीस-पंचवीस ओळखी होतात. क्लबांची जत्रा सप्टेंबरमध्ये भरते. दहा ठिकाणी नाव घालण्यापेक्षा दोन क्लब तीन वर्षे धरणे बरे. एच-४ व्हिसावरच्या (एच-१बीवर काम करणाऱ्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) मुलाला पगारी काम करता येत नाही, स्वयंसेवा करता येते. त्यामुळे उन्हाळ्यात मित्र आइस्क्रीमच्या दुकानात लागले तरी त्याने लागू नये.

समुपदेशकाकडे दोनशे-अडीचशे मुले असणे नवल नाही. ऑक्टोबरच्या आत मुलाने स्वतः वेळ घेऊन एकदा भेटावे आणि चार वर्षांच्या विषयांचा कागद सोबत न्यावा. कॉलेजसाठी लागणारी शिक्षकांची शिफारसपत्रे मात्र अकरावीच्या मे-जूनमध्येच मागायची, शक्यतो त्या वर्षी शिकवणाऱ्या दोघांकडे. बरेच शिक्षक ठरावीक संख्येवर थांबतात, आणि सप्टेंबरमध्ये विचारणाऱ्याला त्या यादीत जागा मिळत नाही.